भौतिकशास्त्राच्या जाहीर व्याख्यानाला पहिल्यांदा जाताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

कृष्णविवर, देवकण, क्वांटम संगणक हे शब्द आता पेपरात रोज दिसतात. दहावी-बारावीनंतर भौतिकशास्त्राशी काडीमोड घेतलेल्या माणसालाही वाटतं, की हे कुणीतरी समोर बसवून नीट सांगावं. सांगणारी माणसं मुंबईत आहेत, बहुतेक वेळा फुकट सांगतात आणि ऐकायला येणाऱ्याचे मार्क विचारत नाहीत. अडचण वेगळीच आहे. खाडीच्या अलीकडे-पलीकडे ही माहिती उशिरा पोचते, पहिल्यांदा निघालेला माणूस नेमका नको त्या व्याख्यानाला जाऊन बसतो, आणि पंधराव्या मिनिटाला सगळं डोक्यावरून जायला लागलं की ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून पुन्हा फिरकत नाही. काम त्याचंच असतं, फक्त व्याख्यान त्याच्यासाठी नसतं.

आधी कुठे जायचं ते ठरवा

सगळ्यात मोठं नाव टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या टीआयएफआरचं. होमी भाभांनी १९४५ साली सुरू केलेली ही संस्था कुलाब्याला नेव्ही नगरात, अगदी समुद्राला लागून आहे. तिथल्या होमी भाभा सभागृहात जगभरातले शास्त्रज्ञ जाहीर व्याख्यानं देतात. तरीही सुरुवात तिथून करू नका. ठाण्याहून सीएसएमटी आणि पुढे बस असा प्रवास, लष्करी परिसर असल्यामुळे फाटकावर ओळखपत्र दाखवणं आणि एवढं करून पोचल्यावर वक्ता पहिल्याच मिनिटाला हॅमिल्टोनियनसारख्या जड गणितावर आला, तर माणूस कायमचा हातातून जातो.

पहिल्या खेपेसाठी टीआयएफआरचाच ‘चाय अँड व्हाय’ हा कार्यक्रम चांगला. २००९ पासून चालू आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी जुहूचं पृथ्वी थिएटर आणि तिसऱ्या रविवारी माटुंग्याचं रुपारेल महाविद्यालय, सकाळी अकरा वाजता, असा त्याचा रिवाज आहे. तिकीट नाही. शाळकरी मुलांपासून निवृत्त आजोबांपर्यंत सगळे येतात, मध्येच हात वर करून प्रश्न विचारतात आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. भाषा इंग्रजी-हिंदीची सरमिसळ असते. एखादा रविवार बदलू शकतो, त्यामुळे आदल्या दिवशी त्यांच्या पानावर खात्री करा आणि मगच निघा.

नवी मुंबईकरांना आणखी जवळचं ठिकाण म्हणजे मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. वाशीहून हार्बरने खाडीपूल ओलांडला की पुढचंच स्टेशन मानखुर्द, तिथून रिक्षा. हे केंद्रही टीआयएफआरचंच, १९७४ पासूनचं. ऑलिंपियाडची तयारी करणारी मुलं इथेच येतात, त्यामुळे इथे बोलणाऱ्यांना नवख्याला समजावून सांगायची सवय असते. माझं वैयक्तिक मत विचाराल, तर खाडीपलीकडच्यांनी आधी मानखुर्द गाठावं आणि मग कुलाबा.

मराठीतूनच ऐकायचं असेल, तर शीव-चुनाभट्टीचं विज्ञान भवन. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करते आहे. इथल्या व्याख्यानांना येणारे श्रोते जुने, मुरलेले, आणि प्रश्नोत्तरं कधी कधी व्याख्यानापेक्षा रंगतात. चुनाभट्टी हार्बरवर आहे, त्यामुळे वाशी-नेरुळवाल्यांना गाडी बदलावी लागत नाही. ठाणेकरांनी शीवला उतरावं.

घराजवळचं काय? चेंदणी बंदर रोडवर बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आहे, तसंच वाशी-नेरुळ-बेलापूर पट्ट्यातल्या महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र विभाग आहेत. फेब्रुवारीत त्यांचे सूचनाफलक बघत राहा. २८ फेब्रुवारी १९२८ ला सी. व्ही. रामन यांना जो परिणाम सापडला, त्याच्या स्मरणार्थ तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात. त्यामुळे वर्षभर झोपलेले विभागही त्या आठवड्यात एखादा वक्ता बोलावतात. हिवाळ्यातल्या गावोगावच्या व्याख्यानमालांमध्येही एखादं पुष्प विज्ञानाला मिळतं. ते बहुधा अंतराळाचंच असतं, कारण संयोजकांना गर्दीची खात्री हवी असते. चालेल, तिथून सुरुवात झाली तरी हरकत नाही.

पोस्टर वाचायला शिका

बहुतेकांना निमंत्रण व्हॉट्सॅपवर येतं. सगळ्यात आधी तारीख आणि वार जुळतात का ते बघा. वर्ष न छापलेली पोस्टरं तीन-तीन वर्षं फिरत राहतात आणि दर वेळी कुणीतरी बंद दारापाशी जाऊन उभं राहतं.

मग मथळा. ‘कृष्णविवरं: काल, आज आणि उद्या’ हे सगळ्यांसाठी. ‘होलोग्राफी अँड एन्टँगलमेंट एन्ट्रॉपी’ हे संस्थेतल्या लोकांसाठी, वर ‘सर्वांना प्रवेश’ लिहिलेलं असलं तरी. इंग्रजी पोस्टरवर ‘कलोक्वियम’ किंवा ‘सेमिनार’ असेल तर सोडा, ‘पब्लिक लेक्चर’ असेल तर जा. फार अवघड हिशेब नाही, पण नेमका इथेच घोळ होतो.

त्यानंतर वक्त्याचा परिचय. पदव्यांची लांबलचक माळ महत्त्वाची नाही. तो माणूस स्वतः काय मोजतो किंवा कशावर आकडेमोड करतो, हे एका ओळीत लिहिलंय का ते पाहा. ‘न्यूट्रिनोंवर प्रयोग करतात’, ‘रेडिओ दुर्बिणीतून स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास’ असं काही दिसलं की निश्चिंत व्हा.

आता एक नाजूक विषय. आपल्याकडे क्वांटम या शब्दाला भलता भाव आला आहे. क्वांटम उपचार, क्वांटम ध्यान, विचारांच्या लहरींनी समृद्धी, अशा नावांनी सभागृहं भरतात आणि त्यालाही ‘विज्ञान व्याख्यान’ म्हणतात. ओळखायची सोपी खूण: शेवटी शिबिराची फी, पाण्याची बाटली किंवा पेंडंट विकायला आहे का? आणखी एक खूण म्हणजे तासाभरात एकही आकडा, एकही उपकरण, एकही ‘हे आम्हाला अजून माहीत नाही’ कानावर येत नाही. ध्यान जरूर करा, पण त्यासाठी इलेक्ट्रॉनला मध्ये आणायची गरज नाही.

तासाभराची तयारी

पुस्तकं काढून बसू नका. चार-पाच आकडे मनात असले, की निम्मं व्याख्यान सोपं जातं, कारण वक्ता तेच गृहीत धरून बोलतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद. अणूचा आकार साधारण मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाएवढा, आणि अणुकेंद्र त्याच्याही सुमारे लाखपट लहान. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. इंग्रजी व्याख्यानात मिलियन-बिलियनची सरबत्ती होते, तेव्हा एक मिलियन म्हणजे १० लाख आणि एक बिलियन म्हणजे १०० कोटी, हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा. ऐन वेळी मनातल्या मनात हिशेब करण्यात पुढची तीन वाक्यं निसटतात.

दहाच्या घातांची सवय करून घ्या. १० वर १५ आणि १० वर १८ कागदावर शेजारी दिसतात, पण मध्ये हजारपटीचा फरक असतो. एवढी जाण असली की पडद्यावरचे आलेखही बोलायला लागतात.

पोचण्याचं बघा

रविवारी सकाळचं व्याख्यान म्हणजे मेगाब्लॉकशी गाठ. मध्य, हार्बर आणि ट्रान्सहार्बर या तिन्ही मार्गांवर आळीपाळीने काही ना काही चालू असतं. शनिवारीच पेपरात किंवा रेल्वेच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यावर बघून घ्या. ठाण्याहून जुहूला जायचं तर घाटकोपरला उतरून मेट्रोने डी. एन. नगर, तिथून रिक्षा. रुपारेलसाठी दादरला उतरून पश्चिम रेल्वेने एक स्टेशन माटुंगा रोड, किंवा सरळ चालत. नवी मुंबईहून ठाण्यात यायला ट्रान्सहार्बर आहेच, पण रात्रीच्या व्याख्यानानंतर परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा. वक्त्याला रंग चढला की साडेआठचे साडेनऊ कधी होतात कळत नाही.

संशोधन संस्थेत जाताना फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. मोबाइलमधल्या प्रतीवर विसंबू नका. आणि एक शाल किंवा स्वेटर घ्या, मे महिना असला तरी. या सभागृहांतला एसी माणसांसाठी असतो की उपकरणांसाठी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

संस्थांची व्याख्यानं मिनिटाच्या ठोक्याला सुरू होतात. उशिरा गेलात तर मागच्या दाराने, गुपचूप. गावातल्या व्याख्यानमालेचं तंत्र निराळं: दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, मग वक्त्यांचा परिचय आणि त्यानंतर भौतिकशास्त्र. तिथे वेळेवर जायचं ते जागेसाठी. पहिल्या दोन रांगा निमंत्रितांच्या असतात. तुम्ही मधल्या रांगेत, पडद्याच्या समोर आणि कडेच्या खुर्चीवर बसा. माइक घेऊन फिरणारा स्वयंसेवक कडेच्या माणसाला आधी दिसतो.

ऐकायचं कसं

इथे जरा थांबून सांगतो, कारण बहुतेक माणसं निराश होतात ती इथेच. प्रत्येक वाक्य समजलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. समीकरण आलं की घाबरू नका, सोडून द्या. पुढच्या चित्रात वक्ता तेच पुन्हा सांगतो. एकच गोष्ट पकडायची: वक्ता कुठला दावा करतो आहे आणि तो त्याला कसा कळला.

एक नमुना घेऊ. समजा वक्ता म्हणाला, “या क्षणी तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एक-दोन म्युऑन आरपार जात आहेत.” सभागृहात हलकीशी खसखस पिकते, लोक हात उघडून बघतात. तुम्ही वहीत लिहा: म्युऑन, सेकंदाला एक-दोन. मग तो सांगतो, की म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा २०७ पट जड भाऊबंद. अंतराळातून येणारे वैश्विक किरण, म्हणजे मुख्यतः प्रोटॉन, वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात, आणि त्या धडकेतून साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन तयार होतात. पुढे तो हळूच पुस्ती जोडतो: म्युऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या दुपटीहून थोडं जास्त.

आता वहीतच गुणाकार करा. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी २.२ मायक्रोसेकंदांत म्युऑन जाणार ६६० मीटर. यायचंय १५ किलोमीटर. या हिशेबाने हजार कोटींतला जेमतेम एखादा खाली पोचायला हवा. मग तळहातातून जाणारे आले कुठून?

ही विसंगती जिच्या लक्षात आली, तिला व्याख्यान समजलं असं मी म्हणेन, पुढचं उत्तर डोक्यावरून गेलं तरी. उत्तर असं, की आइन्स्टाइनच्या १९०५ च्या विशेष सापेक्षतेप्रमाणे इतक्या वेगाने जाणाऱ्या म्युऑनचं घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालतं, त्यामुळे त्याला खाली यायला वेळ पुरतो. आणि हे नुसतं कागदावरचं नाही. ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी १९४१ मध्ये कोलोरॅडोच्या डोंगरात उंचावर आणि खाली डेन्व्हरला म्युऑन मोजले. वाटेत जितके कमी व्हायला हवे होते, तितके झाले नव्हते, आणि फरक सापेक्षतेच्या हिशेबाशी जुळला.

दावा, आकडा, अडचण, मोजणी. चांगल्या व्याख्यानात ही साखळी तीन-चारदा येते. वहीत तेवढीच उतरवा. पडद्याचे फोटो काढत बसणारे घरी जाऊन ते उघडत नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे आहेत.

आलेख आला की रेषेकडे नंतर बघा. आधी आडव्या-उभ्या अक्षांवर काय लिहिलंय ते वाचा आणि ठिपक्यांना वर-खाली छोट्या दांड्या आहेत का ते पाहा. त्या दांड्या म्हणजे मोजणीतली अनिश्चितता. ‘पाच सिग्मा’ हा शब्दही कानावर पडेल. प्रत्यक्षात काहीच नसताना निव्वळ योगायोगाने असा परिणाम दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक, एवढाच त्याचा अर्थ. ४ जुलै २०१२ ला हिग्ज कण, म्हणजेच देवकण, सापडल्याचं जाहीर झालं, ते ही पायरी गाठल्यावरच.

प्रश्न विचारा, भाषण नको

प्रश्नोत्तरांत सगळ्यात उपयोगी पडणारा प्रश्न साधा आहे: हे कसं मोजलं? किंवा, हे चुकीचं ठरवायचं असेल तर काय दिसायला हवं? शास्त्रज्ञाचा चेहरा अशा प्रश्नाला खुलतो.

म्युऑनच्या व्याख्यानाला विचारता येईल: पारसिकच्या बोगद्यात, डोक्यावर डोंगर असताना, म्युऑन कमी होतात का? होतात, खडक काही जण अडवतो. मग वक्ता आपसूक पुढे जाईल: डोंगराआड किंवा भिंतीआड पोकळी आहे का, हे म्युऑन मोजून कळतं आणि इजिप्तच्या खुफूच्या पिरॅमिडमधली मोठी पोकळी २०१७ मध्ये अशीच सापडली. तो टीआयएफआरचा असेल तर कोलारच्या सोन्याच्या खाणीची गोष्टही निघेल. म्युऑनचा त्रास टाळण्यासाठी शास्त्रज्ञ दोन किलोमीटरहून खोल उतरले आणि १९६५ मध्ये तिथे वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो, म्हणजे खडकालाही सहसा न अडणारे सूक्ष्म कण, टिपले गेले. एका साध्या प्रश्नाने एवढं पदरात पडतं.

गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे खुद्द अवकाशात उठणाऱ्या तरंगांचा, विषय असेल तर हिंगोलीबद्दल जरूर विचारा. या लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा तिथे औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे आणि केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. ‘तिथेच का?’ याचं उत्तर ऐकण्यासारखं आहे: चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीतला, प्रोटॉनच्या हजारांश भागाएवढा बदल टिपायचा तर जमीन शांत हवी, रेल्वे, कारखाने, हमरस्ते लांब हवेत. घोडबंदर रोडवर हे जमणार नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

‘पेपरात आलं होतं की…’ असा प्रश्नही विचारायला लाजू नका. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगवान निघाल्याची बातमी जगभर झाली होती. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंतच्या ७३० किलोमीटरच्या वाटेत ते ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसत होतं. पुढच्या वर्षी मुख्य कारण कळलं, ते नीट न बसवलेली एक ऑप्टिकल फायबरची केबल. असा किस्सा वक्त्याच्या तोंडून ऐकला की मोजणी किती कटकटीचं काम आहे ते समजतं.

प्रश्न एकच, दोन वाक्यांत, उभं राहून. ‘सर, मी निवृत्त अभियंता असून गेली अनेक वर्षं माझं असं मत आहे की…’ अशी सुरुवात झाली की माइकवाला स्वयंसेवकही घड्याळ बघतो. ‘हे आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं का’ हा प्रश्न दुसरं कुणीतरी विचारतंच, तुम्ही कष्ट घेऊ नका.

माइकसमोर जीभ अडखळत असेल तर व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाशेजारी थांबा. तिथे पाच-दहा मिनिटं छोटा घोळका जमतो, आणि वक्ता पडद्यावर जे बोलला नाही ते तिथे बोलतो. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, की विज्ञानाचा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आजचे वक्ते ईमेल पत्ता शेवटच्या पडद्यावर देतात. नेमका, लहान प्रश्न असेल तर उत्तर येण्याची शक्यता चांगली असते.

मुलांना न्यायचं का?

आठवी-नववीपासून पुढे जरूर. त्याआधी पृथ्वी थिएटरचा कार्यक्रम किंवा वरळीचं नेहरू तारांगण आणि विज्ञान केंद्र बरं. कुलाब्याच्या तासाभराच्या व्याख्यानाला सहावीतलं पोर बसवलं तर ते भौतिकशास्त्राला कायमचं रामराम ठोकेल. आणि घरी आल्यावर ‘काय समजलं सांग बघू’ अशी परीक्षा घेऊ नका. विचारायचंच तर ‘कुठली गोष्ट पटली नाही?’ हे विचारा. आकाशाची आवड दिसली तर कर्जत मार्गावर वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम होतात. ठाण्याहून गाडी थेट आहे.

तीन-चार व्याख्यानांनंतर

मग कुलाबा गाठा. आणि फेब्रुवारी अखेरीस एक दिवस मोकळा काढता आला तर खोडदला जा. नारायणगावजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. विज्ञान दिनाला ती सगळ्यांसाठी खुली असते, प्रदर्शन भरतं आणि तबकडीखाली उभं राहून तिथल्याच शास्त्रज्ञांशी बोलता येतं. ठाण्याहून कल्याणमार्गे माळशेज घाटातून आळेफाटा, तिथून नारायणगाव. पहाटे निघालात तर घाटात गर्दी लागत नाही. दुर्बीण रेडिओलहरी टिपते, म्हणून तिच्या जवळपास मोबाइल बंद ठेवायला सांगतात. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते गाडीतून उतरतानाच ठरवून घ्या.